उशिरा येणारी ओढ

"माझ्या मुलीने गुन्हा कबूल केलाय, आणि तो तिने केलेला नाही," गॅरेजवाले मिस्त्री खुर्चीत नीट टेकायच्या आधीच म्हणाले. एका डोळ्यावर शस्त्रक्रियेची पट्टी होती, दुसरा पाण्याने भरलेला.

वहिनींनी पेन खाली ठेवलं. विमा कंपनीतली अपघात-तपासणी सोडून त्यांनी स्वतःची तपास-कचेरी काढली होती. त्यांचे धाकटे दीर, निवृत्त ग्रंथपाल, सोबत असायचे. त्यांना सगळेच भाऊजी म्हणत.

आदल्या दुपारी मिस्त्रींची लाल गाडी तळ्याच्या वळणावर सायकलवरच्या मास्तरांना उडवून पळाली होती. मास्तर अजून शुद्धीवर नव्हते. तळ्यावरच्या पहारेकऱ्याला चालकाचं नारिंगी जाकीट तेवढं दिसलं. संध्याकाळी मिस्त्रींची मुलगी आपणहून पोलिसांत गेली. जामीन मिळाला होता, पण उद्या न्यायालयात जबाब व्हायचा होता.

गॅरेजच्या वरच घर. मुलगी परिचारिका होती. तिने खिडकीबाहेर बघत सांगितलं, "भावाचं जाकीट घातलं आणि निघाले. सिग्नल सुटला, पाय ठेवला, गाडी नेहमीसारखी उसळली. पुढे मोकळ्या रस्त्यावर तिचा दम गेला. मी आणखी दाबलं, तोवर वळण आलं."

"नेहमीसारखी?" वहिनींनी विचारलं.

"हो. ती तशीच आहे."

तिचा धाकटा भाऊ खाली गॅरेजात हाताचं तेल पुसत होता. "परवा मी टर्बो बदलला. घाटातल्या शर्यतीसाठी मोठा बसवला. बाबांशिवाय कुणाला माहीत नाही. चालवून बघायचा राहिलाय. काल दुपारभर जुना टर्बो घेऊन लेथवाल्याच्या कारखान्यात होतो."

लेथवाल्याने फोनवर दुजोरा दिला. पोरगा दुपारभर त्याच्या डोळ्यांसमोर होता.

"आणि जाकीट?"

"इथेच, किल्ल्यांशेजारच्या खुंटीवर."

मुलीचा नवरा, मिस्त्रींचा जावई, याच घरात राहायचा; त्याची स्वतःची गाडी दुरुस्तीसाठी जॅकवर चढवलेली होती. तो हळहळला. "ती तरी काय करणार? ती गाडी आधी नुसती ऐकून घेते, जागची हलत नाही. मग एकदम मानगूट धरून फेकते."

"तुम्ही चालवलीत कधी?"

"लग्नानंतर एकदाच. दोन वर्षं झाली."

भाऊजींना त्याची कीव आली. जिन्यात ते कुजबुजले, "वहिनी, लेथवाला पोराला सांभाळून घेतोय."

"सगळ्यांना खाली बोलवा," वहिनी म्हणाल्या.

टेबलावर जुना टर्बो पडला होता. वहिनींनी त्याचं चाक बोटाने फिरवलं.

"इंजिनाची ओढ, म्हणजे टॉर्क, त्यात किती हवा भरते त्यावर ठरते. टर्बो ती हवा कोंबतो आणि स्वतः इंजिनाच्या धुरावर फिरतो. हे चाक छोटं, थोड्या धुरातही भिरभिरतं. म्हणून गाडी सिग्नलला उसळते. पण वेग वाढला की यातून हवा पुरत नाही, ओढ घसरते, गाडी दमते. ताईंनी सांगितली ती हीच गाडी. परवापर्यंतची."

मुलीचा चेहरा उतरला.

"मोठं चाक फिरायला भरपूर धूर लागतो. तोवर गाडी ढिम्म. मग ओढ अशी चढते, की तयारीत नसलेला माणूस वळणावर सुटतो. काल गाडी जिने चालवली असती, तिने हे सांगितलं असतं. मिस्त्रींच्या डोळ्याला पट्टी, धाकटा लेथवर. मग आधी ढिम्म आणि मग मानगूट, हे दोन वर्षांत गाडीत न बसलेल्या माणसाला कसं कळलं?"

सगळे जावयाकडे वळले. तो टेबलाचा कोपरा धरून उभा होता.

"माझी गाडी बंद होती," तो कसाबसा म्हणाला. "पाऊस होता म्हणून जाकीट घेतलं. दाबलं तर काहीच होईना, म्हणून पूर्ण दाबलं... मी घाबरलो."

"काल गिऱ्हाइकाच्या गाडीतून मला पोलीस चौकीवर तू सोडलंस," त्याची बायको सावकाश म्हणाली. "वाटेत काच खाली करून दिलीस. म्हणालास, जरा वारा घे."

भाऊजींनी, न सांगता, दाराशी जाऊन उभं राहायचं ठरवलं. त्याची गरज पडली नाही. मिस्त्रींनी पोलिसांना फोन लावेपर्यंत जावई तिथेच उभा होता.

मुलगी भावाशेजारी बाकावर बसली. "काल गाडी परत आली तेव्हा खिडकीतून पाठमोरं जाकीट दिसलं. फुटलेला दिवा दिसला. मला वाटलं, तू."

धाकट्याने हातातलं तेलाचं फडकं बाजूला ठेवलं.

"विचारायचं तरी होतंस, ताई."