चादरीखालचे चनबसप्पा

"अज्जाचे पाय कुटं गेले?" रुद्राणीने एकदम विचारले.

सोलापूरहून निघालेली सहलीची बस हैदराबादचे वस्तुसंग्रहालय आटोपून गोवळकोंड्याच्या वाटेला लागली होती. पुढच्या बाकावर रुद्राणीचे आजोबा, चनबसप्पा, नेहमीसारखी डोक्यावरून चादर ओढून आडवे झाले होते. निदान दिसत तरी तसेच होते! पण अज्जांचे लांबलचक पाय एरवी वाटेत यायचे आणि येणारा-जाणारा त्यांना अडखळायचा. आज वाट मोकळी!

"आखडून घेतले असतील की," तिचा धाकटा भाऊ भीमाशंकर म्हणाला.

"आन् घोरणं? तेबी आखडून घेतलं व्हय?"

त्यांचा दोस्त नरसय्या हळूच पुढे जाऊन कान लावून आला. "आवाजच न्हाय गं!"

रुद्राणीने चादरीकडे हात नेला, तोच सहलीचे व्यवस्थापक हिंदुराव खेकसले, "हात लावू नका रे! झोपू द्या म्हाताऱ्याला!"

एवढी माया हिंदुरावांना कधीपासून आली? रुद्राणीला शंका आली. अज्जा मागेच राहिले असले तर? त्यांना कमी ऐकू यायचे, तेलुगू तर ओ की ठो कळत नव्हते. एवढ्या मोठ्या राजधानीत ते कुणाला काय विचारणार?

तिने शेंगाचटणीचा डबा हातात घेतला, भावाला डोळा मारला आणि ओरडली, "अगं बाई! चादरीवर सगळं तेल सांडलं!"

"माझा गालिचा!" हिंदुराव उडालेच! त्यांनी फर्रकन चादर ओढली. खाली गुंडाळलेला नवाकोरा लाल गालिचा! मोठे सामान बसमध्ये आणायचे नाही, हा हुकूम त्यांचाच होता.

"आन् चनबसप्पा कुटं हायत?" मागच्या बाकावरच्या मथुराबाई कडाडल्या.

"मला वाटलं, मागं बसलेत..." हिंदुराव चाचरले.

"बस फिरवा!" सगळे एकदम ओरडले.

वस्तुसंग्रहालयाशी पोचताच नरसय्याने पहारेकऱ्याला गाठले. त्याच्या घरी तेलुगूच बोलत. पहारेकऱ्याने फाटकाजवळच्या झाडाकडे बोट दाखवले. तिथे अज्जा उभे होते, येणारी प्रत्येक बस निरखत.

"अज्जा!"

त्यांनी रुद्राणीचे मनगट घट्ट धरले. "आतल्या मोठ्या घड्याळात ठोके देणारा बाहुला बघत उभारलो, आन् बाहेर आलो तर बसच न्हाय. वाटलं, आता सोलापूर काय दिसत न्हाय."

रुद्राणीला रडूच फुटले.

"शाब्बास रे पोरांनो!" मथुराबाईंनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "तुमी नसता, तर आमी शहाणी माणसं गालिच्यालाच अज्जा म्हणून घरी घेऊन गेलो असतो!"

सगळे हसले. हिंदुरावांनी मान खाली घालून चनबसप्पांची माफी मागितली.

अज्जांनी मात्र मनगट सोडले नाही. एरवी कुणी हात धरला की "मी काय लहान हाय का?" म्हणून हिसडा देणारी रुद्राणी गोवळकोंड्याचा अख्खा किल्ला त्यांचा हात धरून चढली.