ग्रहणात दादांना दिसायचं

काचबिंदूने दोन्ही डोळे गेले तेव्हा दादांनी फारसा गवगवा केला नाही. माझे वडील, कचरू नाव. खडकीच्या कारखान्यात उभं आयुष्य लेथवर काढलेलं. ‘मशीन बंद पडलं,’ एवढंच म्हणाले आणि भिंतीला हात लावत घरात फिरायला शिकले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं : नस सुकलीय, आता ऑपरेशन नाही, चष्मा नाही, थेंब नाहीत. उजेड आणि अंधार यांतला फरकसुद्धा कळणार नाही.

आम्ही विश्रांतवाडीत राहतो, आळंदी रस्त्यापासून थोडं आत, चार मजली इमारतीत. मी ज्युनियर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. पुण्यातून ग्रहण दिसणार असलं की आमच्या गच्चीवर कार्यक्रम ठरलेला. मी चष्मे वाटतो, सावलीची आकृती काढून दाखवतो, आणि दीक्षा, माझी बायको, कांदेपोह्यांचं पातेलं वर आणते. ग्रहणात खाल्ल्याने काही होत नाही हे लोकांना खाऊनच पटतं. आजोबांनी छप्पन साली घरातले देव नदीत सोडले. त्यांच्याबरोबर राहू-केतूही बुडाले, असं दादा म्हणायचे.

दोन हजार बावीसच्या दिवाळीत खंडग्रास सूर्यग्रहण होतं. उतरत्या दुपारी लागलं आणि सूर्य ग्रासलेलाच मावळणार होता. गच्चीवर वाळत घातलेल्या चादरी, फटाक्यांचा वास, खाली कुणाची तरी रिक्षा चालू होत नव्हती. माझी मुलगी निकिता तेव्हा इंजिनिअरिंगला होती. तिने दादांना हाताला धरून वर आणलं आणि टाकीजवळच्या खुर्चीत बसवलं.

थोड्या वेळाने दादा म्हणाले, “निकिता, तू केस कधी कापलेस?”

निकिताने केस कापून वर्ष झालं होतं. कुणीतरी सांगितलं असेल, असं मला वाटलं. मग त्यांनी बोट दाखवलं. “ती निळी चादर सुटतेय बघ. चिमटा निघालाय.”

चादर निळीच होती. एक कोपरा वाऱ्यावर फडफडत होता.

दीक्षाच्या हातातला झारा पातेल्यात पडला. आम्ही तिघं त्यांच्याभोवती गोळा झालो. मी बोटं दाखवली, त्यांनी बरोबर सांगितली. शर्टाचा रंग सांगितला. माझ्या कपाळाकडे बघून म्हणाले, “अभ्या, टक्कल पडलं की रे तुला.” निकिता हसत होती आणि रडत होती. त्यांनी तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

समोरच्या फ्लॅटमधले श्यामकाका पोह्यांची बशी घेऊन शेजारीच उभे होते. पीएमटीच्या बससेवेतून निवृत्त झालेले, दादांचे रोजचे गप्पांचे सोबती.

“श्याम नाही आला वर?” दादांनी विचारलं.

“दादा, मी इथंच आहे की,” श्यामकाका म्हणाले. “सगळं जग दिसलं आणि मीच तेवढा दिसेना? ग्रहण सूर्याला लागलंय, मला नाही.”

सगळे हसले. दादांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. मी त्यांचे डोळे बघत होतो. ते श्यामकाकांच्या छातीवर थांबलेच नाहीत. त्यांच्या पलीकडच्या कठड्याकडे गेले, परत आले, पुन्हा तिकडे गेले.

सूर्य मावळला तशी त्यांची नजर गेली. दिवा विझावा तशी.

पंधरवड्याने कार्तिकी पौर्णिमेला चंद्र ग्रासलेलाच उगवला. मी मुद्दाम सगळी तयारी करून दादांना वर नेलं. त्यांना पुन्हा दिसलं, ग्रहण सुटेपर्यंत. मी दाखवलेला प्रत्येक आकडा त्यांनी वाचला. श्यामकाका समोर येऊन हात हलवत राहिले. दादांनी मान खाली घातली आणि मला म्हणाले, “चल खाली.”

डॉक्टरांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं. “तपासायला आणा,” म्हणाले. तपासलं. नस तशीच सुकलेली होती.

डिसेंबरात श्यामकाका दूध आणायला उतरले आणि जिन्यातच बसले, ते उठले नाहीत. स्मशानातून आल्यावर मी दादांना हातपाय धुवायला पाणी दिलं. ते बादलीत हात बुडवून तसेच बसून राहिले. “मला तो दिसला नव्हता,” म्हणाले.

“योगायोग आहे, दादा.”

“असेल. शिकलेला तू आहेस.”

त्यानंतर त्यांनी ग्रहणाचं नाव काढलं नाही. कार्यक्रम मीच बंद केला. कॉलेजचं काम वाढलंय, असं इमारतीतल्या लोकांना सांगितलं. गेल्या वर्षी भाद्रपदात खग्रास चंद्रग्रहण होतं. त्या दिवशी संध्याकाळीच दादांनी दीक्षाला हाक मारली आणि डोळ्यांवर रुमाल बांधायला लावला. “घट्ट बांध,” म्हणाले. “सकाळी सोड.” आंधळ्या माणसाच्या डोळ्यांवर रुमाल बांधताना तिने गाठ दोनदा सोडून पुन्हा मारली, हे तिने मला नंतर सांगितलं.

निकिता तोवर नोकरीसाठी जर्मनीला गेली होती. घरात आम्ही तिघंच. आणि मला काहीतरी कुरतडत होतं. वर्गात फळ्यावर पृथ्वी-चंद्राची वर्तुळं काढायची, ही फक्त सावली आहे म्हणून मुलांना सांगायचं, आणि घरी येऊन रुमालाची गाठ बघायची. हे मला जमेना. यंदा तीन मार्चला, धुळवडीच्या दिवशी, चंद्र उगवतानाच ग्रहण संपत येणार होतं. पुण्यातून जेमतेम काही मिनिटं दिसणार. मी ठरवलं, एकदाच काय तो सोक्षमोक्ष लावायचा.

“नको,” दादा म्हणाले.

“एकदाच बघा. सगळे दिसले की विषय संपला.”

“आणि कुणी नाही दिसलं तर?”

“तर काही होणार नाही. हेच तर सांगतोय.”

दीक्षा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. “अहो, त्यांना नकोय तर कशाला?” मी ऐकलं नाही. शेवटी दादाच म्हणाले, “बरं. पण कोण दिसलं नाही ते मी सांगणार नाही.”

गच्चीवर रंगाचं पाणी सांडून वाळलं होतं. आदल्या रात्रीच्या होळ्यांचा धूर अजून हवेत होता. पूर्वेला धानोरीच्या इमारतींवर सगळं मळकट दिसत होतं. दीक्षाने धुळवडीचा जुना, गुलाबी डाग पडलेला पंजाबी ड्रेस घातला होता. मी दादांचा डावा दंड धरून उभा होतो. चंद्र मला आधी दिसलाच नाही. दादांना दिसला.

“आला,” ते म्हणाले. “खापरीसारखा आहे. एक टवका उडालेला.”

“आता दीक्षाकडे बघा.”

त्यांनी मान वळवली. त्यांचे डोळे थेट तिच्या चेहऱ्यावर थांबले. दीक्षाने तोंडावर हात धरला.

“दिसतेय ना, दादा?”

“दिसतेय की.” मग जरा थांबून, “दीक्षा, पांढरी साडी कधी नेसलीस?”

दीक्षाने स्वतःच्या ड्रेसकडे पाहिलं.

दादांची नजर तिच्या बाजूला सरकली. तिथे कुणी नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला.

“अगं निकिता! तू कधी आलीस?”

खाली कुठेतरी ढोलकी वाजत होती.

“रडू नको, बाळा. काय झालं?”

“दादा,” मी म्हणालो. “निकिता इथे नाही.”

त्यांनी माझ्याकडे तोंड केलं. अगदी जवळ, हातभर अंतरावर. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्यावर आले, थांबले नाहीत, माझ्या पलीकडच्या कठड्याकडे गेले.

मग परत आले. पुन्हा पलीकडे गेले.

उजव्या हाताने त्यांनी स्वतःच्या डाव्या दंडावरचा माझा हात चाचपला. मनगट, कोपर, खांदा. बोटं माझ्या गालापर्यंत पोहोचली.

“दादा, मी दिसतो ना?”

त्यांचा अंगठा माझ्या भुवईवरून फिरला.

चंद्र सुटला. त्यांचे डोळे विझले. तरीही हात माझ्या गालावरच होता.

रात्री जेवताना निकिताचा फोन आला. “पप्पा, सरप्राइज! जयंतीला येतेय. तिकीट आत्ताच काढलं. आईला सांग, पांढरी साडी काढून ठेव, मिरवणुकीला आपण सगळे पांढऱ्यात जाऊ.”

फोन ठेवल्यावर दीक्षा कितीतरी वेळाने मोकळी हसली. “बघा,” ती म्हणाली, “चौदा एप्रिलचं दिसलं त्यांना. पांढरी साडी, निकिता, सगळं. आनंदाचं रडत असेल पोर, इतक्या दिवसांनी घरी येऊन.” मग त्यात तुम्ही कुठे आहात, असं तिने मला विचारलं नाही. मीही ते काढलं नाही. मिरवणुकीत मी नेहमी पुढे असतो, मुलांना रांगेत ठेवायला. तसंच असेल.

मी माझ्या सगळ्या तपासण्या करून घेतल्या. सगळं ठीक आहे. निकिता परवा येतेय, दीक्षाने साडीला इस्त्री केली आहे.

आज सकाळी दादांची दाढी करत होतो. हनुवटीवर वस्तरा फिरवताना सहज विचारल्यासारखं विचारलं, “दादा, त्या दिवशी मिरवणूक दिसली का हो तुम्हाला? झेंडे, ढोल वगैरे?”

“नाही रे. मान वळवली तर आपला हॉलच होता.”

“हॉल? आपण तर गच्चीवर होतो.”

त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. साबणाचा फेस त्यांच्या बोटांवरून खाली ओघळत होता.

“सोफा बाहेर काढला होता,” ते म्हणाले. “सगळे भिंतीला टेकून उभे होते. दीक्षा तेवढी मध्ये फरशीवर बसली होती.”