विजेचा हौद

"अंग सैल सोड गं. आखडून बसलीस की चावतं ते."

तोशिए सासूबाईंचं हे बोलणं ऐकलं तेव्हा माझ्या लग्नाला आठवडा झाला होता. निशिजिनच्या विणकर वस्तीत आम्ही दोघी शेजारी-शेजारी मागावर बसायचो आणि तिसऱ्या प्रहरी गल्लीतल्या न्हाणीघरात जायचो. बायकांच्या बाजूला तिथे विजेचा हौद आहे. दोन बाजूंना वीज सोडणारे धातूचे पत्रे, मधे एकीपुरती जागा. बारीक वीज पाण्यातून पाठीत शिरते, मुंग्या नाचतात, आणि दिवसभर ताणलेली कंबर रेशमाच्या लडीसारखी सुटते.

हिवाळ्यात सासूबाई गेल्या. वसंतात ती वीज बदलली.

मुंग्या येईनात. उजव्या खांद्याखाली, एकाच जागी, मूठ बसायची. ठक. जरा थांबून पुन्हा ठक. विणीत चूक झाली की सासूबाई बोटांच्या पेरांनी अशाच मारायच्या. खांदा धरला, हात वर जाईना. मागाच्या मालकांचा निरोप आला: महिनाअखेर किमोनोचा रेशमी कमरपट्टा विणून उतरला नाही तर माग दुसरीला देऊ. हौद टाळावा, तर कंबर उठू देत नव्हती.

न्हाणीघरवाल्या मात्सुएबाईंवर मी रोज भडकायचे. वीज वाढवलीय, बटणं दिसत नाहीत तुम्हाला, एक दिवस कुणाचा तरी जीव घ्याल. त्या टॉवेलांच्या घड्या घालत म्हणायच्या, बघते हं. एकदा म्हणाल्या, तुझ्या जिभेलाच एवढा करंट आहे, हौद कशाला हवा?

त्या मंगळवारी मी सगळ्यांदेखत ओरडले. बायका साबण लावता लावता थांबल्या. मात्सुएबाईंनी मला मागच्या खोलीत नेलं आणि विजेची पेटी उघडली. आत धूळ. तारांची टोकं चिकटपट्टीत गुंडाळलेली.

"तुझ्या सासूबाईंच्या एकोणपन्नासाव्या दिवसाच्या विधीआधीच करंट बंद केलाय, सूनबाई. तू तरी रोज जाऊन बसायचीस. सांगायला जीभ रेटली नाही."

मी परत जाऊन हौदात बसले. रागानेच. पाणी गप्प होतं.

मूठ बसली.

"मारा," मी म्हणाले. "अजून किती मारणार?"

छातीपर्यंतचं पाणी हळूहळू हनुवटीला लागलं. एकीपुरत्या जागेत, माझ्या पाठीला पाठ लावून, कुणीतरी उतरलं होतं.

राग शोधला. सापडेना.

"शेवटच्या दिवशी तुम्ही कण्हत काठाशी उभ्या होतात," मी म्हणाले. "नंबर तुमचा होता, सासूबाई. मला ठाऊक होतं. मी मुद्दाम उठले नाही."