फकिराचा बैल

कंदिलाची वात मोठी नका करू पोरांनो, आहे तशीच राहू द्या. कटंगीले माह्या मामाच्या घरासमोर मोतीलाल सुतार राहे. त्याच्याच तोंडून ऐकलं, म्हणून सांगतो.

अडुसष्ट साल. पोळ्याची अमावस्या, रातचे सव्वाअकरा. मोतीलाल बायकोले म्हणाला, "फकिराच्या घरी माही पक्कड राह्यली, घेऊन येतो." फकिराले मरून नऊ दिवस झालते. मॅंगनीजच्या खाणीतलं काम सुटल्यापासून हा माणूस दार लावून एकटा राहे. तुटके चमचे, सायकलची चेन, बंद घड्याळाची चाकं, जे सापडन ते तारेनं जोडत बसे. कोणाशी बोले नाही, कोणाले काही विके नाही. पण त्यातला एक बैल, पोटात घुंगरू टाकलेला, असा उतरलता का लोक म्हणत, पाहा, आता हंबरते!

आन् मोतीलाल जळे. हसू नको वसंता, तू बी भावाच्या नव्या सायकलीवर जळतं. मोतीलालनं तीस वर्षं सागाचे नंदी घडवले, पण त्याच्या नंदीले कोणी असं कधी म्हटलं नाही. त्यात बायको पुष्पलता सांजी बोलून गेली, "उद्या पोरांच्या नंदीच्या तान्ह्या पोळ्यात फकिराचाच बैल पहिला ठेवणार हायेत. काय हात होता बाई!"

मेल्यावरही हाच पहिला? पक्कड तर नुसतं निमित्त होतं. पोळ्याच्या दुसऱ्या सकाळी आपण नारबोद, ती पुतळी, शिवेबाहेर नेऊन जाळतो, गावची रोगराई तिच्यासंगं धाडतो. तिथं टाकलेली वस्तू कोणी परत गावात आणत नाही. मोतीलालनं हेच हेरलं. फकिराच्या घरातून बैल खांद्यावर घेतला आन् शिवेकडं निघाला.

बाजार मागं पडला. रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

ठक... ठक...

लाकडावर पटाशी चालत होती. मागं. गावात.

आवाज वळखीचा होता. त्याच्याच दुकानातून येत होता. दुकानाले कुलूप. चाबी त्याच्या कमरेले.

"कोण हाये?"

ठक... ठक...

तो धावला. शिवेवर बैल फेकला.

आवाज थांबला.

परत आला तं कुलूप जसंच्या तसं. आत त्यानं अर्धवट सोडलेला नंदी... पुरा झालता. मान वळवलेली. नाकपुड्या फुगलेल्या.

सकाळी नारबोद जळाली, फकिराचा बैल तिथंच राह्यला. दुपारी मोतीलालच्या नंदीले पहिला नंबर भेटला. लोक म्हणे, "हौ, आता जमलं तुले, बाप्पा!" पुष्पलता तं खुशीनं रडली. मोतीलाल मले म्हणाला, "शालिकराम, तो जिता होता तवा जळलो नसन, एवढा त्या दिवशी जळलो. वाहवा माही आन् काम त्याचं. सांगू कोणाले?" पुन्हा त्यानं पटाशी हाती धरली नाही.

तो नंदी मी हातात घेऊन पाह्यला. एकाच ठोकळ्याचा हाये, कुठं जोड नाही, छिद्र नाही. तिरपा केला का आत घुंगरू वाजते.