कौलपट्टी

सातमाळा विद्यापीठाच्या विद्यापरिषदेत हात वर करून मत द्यायची पद्धत बंद होऊन सहा वर्षं झाली होती. पूर्वी सदस्य आधी कुलगुरूंच्या चेहऱ्याकडे बघत आणि मगच हात वर करत. आता प्रत्येकाच्या कपाळाला कौलपट्टी असायची. ठराव कानावर पडला, की माणूस कारणं जुळवायला लागण्याआधीच त्याच्या मेंदूत हवं-नकोचा एक कौल उमटतो. पट्टी तेवढाच टिपायची आणि नाव न सांगता बेरजेत टाकायची.

मोडी लिपी विभाग बंद करण्याचा ठराव आला. कौल टिपून झाला, मग चर्चा. विभागप्रमुख ऋजुता बोधनकर चाळीस मिनिटं बोलल्या. विद्यार्थी अकराच असले म्हणून काय झालं, दप्तरखान्यातले तीनशे वर्षांचे कागद उद्या वाचणार कोण, असं त्यांनी कळवळून विचारलं. बाकीचे अठराही विभागाच्याच बाजूनं बोलले. दोघांनी तर डोळे टिपले. मग पडद्यावर निकाल आला. बंद करा, एकोणीस. चालू ठेवा, शून्य.

आता बोला! परिषदेत माणसंच मुळी एकोणीस. नावं गुप्त ठेवून उपयोग काय? कोणी कोणाकडे बघेना.

ऋजुताबाई तडक गेल्या त्या पट्टी बनवणाऱ्या डॉ. अन्वर शिकलगारांच्या प्रयोगशाळेत.

“शिकलगार, तुमचं यंत्र बिघडलंय.”

“दोनदा तपासलं, मॅडम.”

“अहो, माझा विभाग आहे तो! मी कशाला बंद करा म्हणेन?”

“तुम्ही म्हणाला नाहीत. ठराव ऐकल्याबरोबर तुम्हाला हलकं वाटलं असणार. पट्टीला तेवढंच कळतं.”

“आणि नंतरची चाळीस मिनिटं? ती काय खोटी?”

“ते नाही सांगता येत,” शिकलगार ओशाळून म्हणाले. “ते मोजायचं यंत्र माझ्याकडे नाही.”

हलकं वाटलं होतं, खरंच. नऊ वर्षं त्या तीच टिपणं वाचून दाखवत होत्या. वर्गात जायचं म्हटलं की जिवावर यायचं. हे त्यांनी नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं. आता मात्र त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली, की तोंड कुठे लपवू असं झालं.

चौथ्या दिवशी किमया लोणारेनं त्यांना पायऱ्यांवर गाठलं. ऋजुताबाईंचं एक भाषण ऐकून ही पोर फार्मसीचा प्रवेश सोडून मोडी शिकायला आली होती.

“मॅडम, खोट यंत्रातच आहे. नाहीतर तुमचं एक मत तरी आमच्याकडे पडलं असतं की नाही? पट्टी रद्द करा, पुन्हा हात वर करून मतदान घ्या, असा अर्ज केलाय. तुमचीच सही राहिलीय.”

“किमया, अगं…”

सगळं सांगून टाकावं, असं अगदी ओठांवर आलं. पण पोरगी इतक्या विश्वासानं बघत होती, की त्यांची जीभ रेटेना. त्यांनी कागद घेतला. त्यावर बाकीच्या अठराही सदस्यांच्या सह्या होत्या.

ऋजुताबाईंनी शेवटी मोडीत सही केली, आणि किमयानं ती अडखळत, कौतुकानं, मोठ्यानं वाचली.