जाहिरात बंद केली तो महिना

पहिल्यांदा आला तो चष्म्याची निखळलेली दांडी हातात धरून. बाहेर रिपरिप चालू होती आणि स्वारी आमच्या चष्म्यांच्या दुकानाच्या काचेलाच थडकली. मी हसू दाबलं, स्क्रू बसवला, चष्मा त्याच्या नाकावर ठेवला… "दिसतंय का आता?"

"आत्ता कुठे," माझ्याकडे बघत म्हणाला. लबाड मेला!

ऑनलाइन जाहिरातींच्या कंपनीत होता. आमच्या साइटवर कुणी एखादी फ्रेम नुसती पाहिली, तरी ती आठवडाभर त्याच्या मोबाइलवर मागे मागे फिरेल, असं त्याने बाबांच्या गळी उतरवलं. डोळे तपासायच्या नव्या मशीनसाठी ठेवलेले पैसे बाबांनी त्यात घातले. मग दर गुरुवारी तो रिपोर्ट घेऊन यायचा. जाहिरात बघून इतके आले, तितके आले… मी आकड्यांकडे कमी आणि त्याच्याकडेच जास्त बघायची. गुरुवारी माझ्या कानात डूल असतात, हे बाबांच्याही लक्षात आलं होतं.

बाबांना मात्र शंका छळत होती. समोर शाळा, शेजारी डोळ्यांचे डॉक्टर. ही माणसं एरवीही आलीच असती, मग जाहिरातीने आणली कशावरून? महिनाभर बंद करून बघू, म्हणाले. मीच त्याला फोन केला. "बरं" म्हणाला.

त्या महिन्यात गिऱ्हाइकं तेवढीच आली. तो तेवढा आला नाही. चारही गुरुवार मी डूल घालून बसले.

नंतर एकदा बस स्टॉपवर दिसला. मी सरळच विचारलं, "तुला माहीत होतं?"

"होतं. येणारेच येत होते. आम्ही ते आमच्या नावावर दाखवायचो."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो असतो तर… गुरुवारी यायला कारण काय उरलं असतं? तू आवडतेस मला. पहिल्या दिवसापासून."

हेच ऐकायला सहा महिने जीव टाकत होते मी. आणि ऐकताना डोळ्यांसमोर कोण यावं, तर बाबा — कंबर धरून त्या जुन्या मशीनवर वाकलेले.

"चार गुरुवार कारण नव्हतं," मी म्हणाले. "दुकान उघडंच होतं रे."

तो चष्मा काढून पुसत राहिला. दांडी पुन्हा सैल झाली होती. सवयीने हात पुढे गेला माझा… तेवढ्यात बस आली, आणि मी चढले.