खाजोटीला दिलेलं आवतण

विजयश्री दूध आणायलाच निघाली होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं लोकांनी नाही नाही ते म्हटलं. बाईला करणी येत होती म्हणे! कसली करणी अन् कसलं काय! हातात दुधाची बरणी, डोक्यावर ओढणी, आणि चिखल होता म्हणून पायात कंपनीचेच बूट. फक्त ओढणीच्या टोकाला हळदकुंकू, चिमूटभर अक्षता आणि एक सुपारी बांधलेली होती, तेवढं वेगळं.

गणपती जाऊन आठवडा झाला होता. चाकणच्या अलीकडं कंपन्यांच्या भिंतीला लागून एक ओढा वाहतो. त्याच्या वरच्या अंगाला सरुबाईच्या पत्र्याच्या आठ खोल्या आहेत. जमीन कंपन्यांत गेली तेव्हा उरल्यासुरल्या तुकड्यावर तिच्या नवऱ्यानं, गेनबानं, त्या बांधल्या. गेनबा गेला, खोल्या राहिल्या. त्यांत लातूर, बीड, परभणीकडची माणसं भाड्यानं राहतात. सकाळी सहाला बस येते आणि सगळी वस्ती कामाला जाते. त्यानंतर दिवसभर तिथं चिटपाखरू नसतं. चार महिन्यांपासून मात्र शेवटच्या खोलीत एक माणूस पडून असायचा. तो विजयश्रीचा नवरा, ज्योतीराम.

कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर उभा असतानाच त्याच्या अंगावरून वारं गेलं होतं. वाचा शाबूत राहिली, पाय हळूहळू आला, पण डावा हात खांद्यापासून मेला. चिमटा काढला तरी कळायचं नाही. चाळिशीचा धट्टाकट्टा गडी, त्याला लेंग्याची नाडी बांधायला बायको लागायची. दवाखान्याच्या गोळ्या चालू होत्या, व्यायामही चालू होता. पण एकदा तो जेवता जेवता म्हणाला, "विजे, हा हात माझा वाटतच नाही गं. कुणीतरी माझ्या अंथरुणात ठेवून गेल्यागत वाटतंय." त्या दिवसापासून विजयश्रीच्या जिवाला चैन पडेना. त्याचा हात त्याला परत मिळावा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी तिनं कुणाचेही पाय धरले असते.

खाजोटीचं तिला सरुबाईनं सांगितलं. ओढ्याकाठी कमरेएवढं वाढणारं ते झुडूप. पानांवर बारीक पांढरी कुसं असतात. नुसतं घासलं तरी अंगाची आग आग होते, गांधी उठतात. गुरंसुद्धा तिला तोंड लावत नाहीत.

"मुळी उगाळून सांध्याला लावत्यात. कवळा शेंडा उकडला की आग जाती, भाजी बी व्हती," सरुबाई म्हणाली. "पर मेल्या अंगाला तिचा फटका लागतो, पोरी. माज्या सासऱ्याचा पाय असाच उठला. फडक्यात डहाळी धरायची अन् सपासप मारायची. अंग जागं झालं की तीच डहाळी वाहत्या पान्यात सोडायची. म्हनायचं, बाई, तुजं काम झालं, आता जा. पर तोडायची रीत हाय."

"कसली रीत, मावशी?"

"आदल्या दिशी दिवेलागणीला आवतण द्यायचं. हळदकुंकू व्हायचं, अक्षता टाकायच्या. ज्याच्यासाठी न्यायची त्याचं नाव घ्यायचं, कुटल्या अंगाला न्यायची ते बी सांगायचं. दुसऱ्या दिशी सूर्य उगवताना जाऊन आनायची. वाटंत कुनाशी बोलायचं न्हाई, अन् आपली सावली तिच्यावर पडू द्यायची न्हाई."

"आणि नाहीच जमलं जायला तर?"

"आता गं! पाव्हण्याला आवतण द्यायचं अन् आनायला जायचं न्हाई, असं असतंय व्हय!" म्हातारी हसली.

तर त्या बुधवारी संध्याकाळी विजयश्री ओढ्यात उतरली. तिनं झुडपाच्या बुंध्याशी सुपारी ठेवली, हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या. आजूबाजूला कुणी बघत नाही ना, हे पाहून हळूच म्हणाली, "ज्योतीरामांच्या डाव्या हातासाठी... बाई, उद्या तुला न्यायला येते." वारा नव्हता. तरी झुडूप एकदा हललं. ओढ्याकाठी काही ना काही हलतंच, म्हणून तिनं मनावर घेतलं नाही. दूध घेऊन ती घरी आली.

दुसरा दिवस गुरुवार, म्हणजे कंपनीची सुट्टी. त्या हिशेबानंच तिनं बुधवार धरला होता. पण जेवणं होतायत न होतायत तोच फोन वाजला. ग्रुपवर सुपरवायझर कुलदीपचा मेसेज होता. 'कल वर्किंग है. सबको आना है. जो नहीं आयेगा, उसका गेट बंद.' गाड्यांच्या वायरी जोडायच्या त्या कंपनीत ती कंत्राटावर होती. गेट बंद म्हणजे कामच गेलं. आणि बस तर सूर्याच्या आधी यायची.

मेल्या, आजचाच दिवस सापडला तुला! ती चरफडली. मग तिनं मनाची समजूत घातली. संध्याकाळी आणू. झुडूप काय पळून जातंय?

आणि इथंच बाईचं चुकलं.

गुरुवारी ती साडेचारला परत आली. दारातच तिला वास आला. पान चुरगळल्यावर येतो तसा हिरवा, उग्र वास, आणि त्यात ओढ्यातल्या गाळाचा वास मिसळलेला. ज्योतीराम भिंतीला टेकून बसला होता आणि चार महिन्यांत पहिल्यांदा तोंडभर हसत होता.

"हे बघ," तो म्हणाला. त्याच्या डाव्या हाताचं मधलं बोट हललं.

विजयश्रीनं डबा, पिशवी सगळं तिथंच टाकलं. त्याचा हात हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक गांधी उठल्या होत्या. तिला रडूच कोसळलं.

"आग होतेय का हो?"

"होतेय! अगं, आग होतेय, तेच तर सांगतोय!" तोही रडत होता. "दुपारी तू आलीस तेव्हा पहिल्यांदा काहीच वाटलं नाही. मग मुंग्या आल्या, मग नुसती आग..."

"मी आले?"

"मग कोण? माझा डोळा लागला होता. हात चोळून दिलास की. एक शब्द बोलली नाहीस, म्हटलं तू सांगत होतीस ती खाजोटीची रीत असेल. पण तुझे हात लई गार होते बघ."

तिला वाटलं, सरुबाईनं केलं असणार. ती तशीच पळत म्हातारीकडं गेली. सरुबाई नुकतीच चपला काढत होती. सातबाऱ्याच्या कामासाठी ती सकाळपासून राजगुरुनगरला होती, तहसीलच्या बाहेर बसून बसून तिचे पाय सुजले होते.

मग विजयश्री ओढ्यात उतरली. हळदकुंकू तिथंच होतं, अक्षता आणि सुपारीही जागच्या जागी होती. झुडूप नव्हतं. कुणी उपटलेलं दिसत नव्हतं, माती उकरलेली नव्हती, खड्डा नव्हता. जिथं बुंधा होता तिथं जमीन सपाट होती आणि तिच्यावर गवत होतं.

आता खरं सांगायचं तर तिनं तेव्हाच म्हातारीला सगळं सांगायला हवं होतं. पण माणसाचं मन लोभी असतं हो. शुक्रवारी ती घरी आली तेव्हा गांधी खांद्यापर्यंत चढल्या होत्या, आणि ज्योतीरामनं डाव्या हातानं पाण्याचा पेला उचलून दाखवला. अर्धं पाणी सांडलं, पण उचलला! "आज पण आलीस ते बरं झालं," तो म्हणाला. "हाफ डे मिळतो का तुला?" ती नुसतं हं म्हणाली. आणखी एकच दिवस, तिला वाटलं. एक दिवस येऊ दे. हात पुरता आला की बघू.

पण शनिवारी तिला कामात दम निघेना. डोकं दुखतंय असं सांगून ती निघाली, मिळेल त्या टमटमनं आली. भर दुपारचे बारा वाजले होते. वस्ती सामसूम होती. कंपन्यांची घरघरही लांबून, दबकी दबकी येत होती. ती खोलीजवळ आली आणि थबकली. आतून आवाज येत होता... ओली पानं एकमेकांवर घासत जावीत तसा, सावकाश, न थांबता.

आणि ज्योतीराम बोलत होता.

"विजे... हळू. जरा हळू गं..."

विजयश्री दाराबाहेर उभी होती. खिडकीची फळी थोडी उघडी होती, तिथून तिनं पाहिलं. ज्योतीराम डोळे मिटून पडला होता. त्याचा डावा हात वर उचललेला होता, कुणीतरी मनगटाला धरून ठेवल्यासारखा. त्याच्याजवळ कुणीच नव्हतं. तिच्या डोळ्यांदेखत त्याच्या गळ्यावर एक लाल गांध उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी उमटली. मग हनुवटीखाली तिसरी.

"पुरे... आता गळ्याला नको... विजे, श्वास..."

"अहो!" ती ओरडली आणि दारावर धडकली.

आवाज थांबला. हात धप्पकन खाली पडला. ज्योतीरामनं डोळे उघडले. त्यानं आधी आपल्या उशाशी पाहिलं, मग दाराकडं पाहिलं, मग पुन्हा उशाशी. "तू..." त्याचे ओठ सुजले होते. "तू तर इथं बसली होतीस..."

दवाखान्यात इंजेक्शन दिलं, सूज उतरली. अंगाला काय लावलं होतं, म्हणून डॉक्टरांनी दोनदा विचारलं. त्याला रात्रभर तिथंच ठेवून रविवारी घरी आणलं, आणि मग ती सरुबाईच्या पायाशी जाऊन बसली. सगळं सांगितलं. लोभ धरला तेही सांगितलं.

"डहाळी हातात असती तर पान्यात सोडली असती," म्हातारी म्हणाली. "आनलेल्याला सोडता येतंय, पोरी. आपल्या पायानं आलेल्याला कुटं सोडायचं? तिचं काम झालंय, पर तिला जा म्हननारं कोन न्हाई. आता ती जितं अंग जाळत बसनार. छातीत उतरली की संपलं."

"मावशी, पाया पडते, काहीतरी सांगा..."

"एकच हाय. दुसऱ्याच्या नावानं आवतण द्यायचं. तिथं ती जाती, हितनं उठती."

"कुणाच्या नावानं?"

"ते मी न्हाई सांगनार, बाय." म्हातारीनं तोंड फिरवलं.

दिवेलागणीला विजयश्री ओढ्यातल्या त्या सपाट जागेसमोर उभी राहिली. नाव तिच्या ओठांवर आलं होतं. कुलदीप. त्या मेसेजनं तर सगळा घात केला होता. त्याचं नाव घेतलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण मागं त्यानं सगळ्यांना फोनवर आपल्या लेकीचा फोटो दाखवला होता, दात पडलेली, झालर लावलेल्या फ्रॉकमधली पोर. ती आठवली आणि विजयश्रीनं ते नाव गिळलं. शिव्या मनातल्या मनात दिल्या, तेवढ्या मात्र भरपूर दिल्या. मग डोळे मिटून ती म्हणाली, "विजयश्रीसाठी ये, बाई... विजयश्रीसाठी." आणि मागं वळून न बघता ती घरी पळाली.

सोमवार गेला, मंगळवार गेला. ज्योतीरामच्या अंगावरच्या गांधी बसल्या. कुणी आलं नाही. त्याचा हात मात्र दिवसेंदिवस सुधारत गेला. तो लसूण सोलायला लागला, नाडी बांधायला लागला. विजयश्री रोज दुपारी लाइनवर उभी राहून वाट बघायची, आता आग होईल, मग होईल. काहीच झालं नाही. आपलं अंग तर जितं आहे, खाजोटी कशाला येईल, असं म्हणत तिनं हळूहळू मोकळा श्वास घेतला.

पुढच्या गुरुवारी सुट्टी लागली. वस्तीतली माणसं चाकणला गेली होती. कंपनीनं ज्योतीरामला सोमवारपासून हलक्या कामावर ये म्हटलं होतं, म्हणून विजयश्रीनं शिरा केला. दोघं गप्पा मारत होती, बऱ्याच दिवसांनी हसत होती. बोलता बोलता तिनं गॅसवरची कढई उतरवली.

"विजे! अगं सोड! सोड!"

ज्योतीरामनं डाव्या हातानं तिच्या हाताला हिसका दिला. कढई खाली पडली, शिरा सांडला. विजयश्रीनं कढईचा कान फडक्याशिवाय, उघड्या हातानं धरला होता. तळव्याचं कातडं पांढरं पडून सुटलं होतं आणि खोलीत जळका वास भरला होता. त्यानं तिचा हात पाण्याखाली धरला. तो रडायला लागला होता.

"लई दुखतंय का गं?"

तिला काहीच दुखत नव्हतं. तिनं अंगठ्यानं तो तळवा दाबला. काही नाही. दुसऱ्या हाताला चिमटा काढला. तिथंही काही नाही. मग गालाला काढला, मांडीला काढला. सकाळचा चहा गार कसा लागला, हे तिला आता कळलं. ओढ्यावर तिनं नाव सांगितलं होतं. कुठलं अंग, ते सांगायचं राहूनच गेलं होतं, म्हणून सगळंच अंग मेलं होतं.

दारातून हिरवा, उग्र वास आत आला.

"कसला वास हा?" ज्योतीराम दार लावायला उठला.

"नको," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच लांबून आल्यासारखा वाटला. "उघडं राहू द्या. तुम्ही जरा बाहेर जाऊन बसा."

"अगं पण..."

"बसा म्हणते ना. आणि मी ओरडले तरी आत येऊ नका. पण... ओरडायची थांबले, की या."

तो पायरीवर जाऊन बसला. उंबऱ्यातून कुणी आत आलेलं दिसलं नाही. पण विजयश्रीच्या समोर अंथरलेली सतरंजी मधोमध दबली, कुणीतरी मांडी घालून टेकल्यासारखी. विजयश्रीनं डोळे मिटले आणि दोन्ही हात पुढं केले.